आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत वारसाचं नाव लावणं, चार महिने अडला की लोक पुढाऱ्याच्या दारात जातात, नाहीतर थेट मुख्यमंत्र्यांना पत्र धाडतात. ते पत्र टप्प्याटप्प्यानं खाली सरकत, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावर येऊन पडतं. हे पाहून जीव तुटतो, कारण तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते आणि तिथं वकील फुकट मिळतो.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कारखान्यातले कामगार आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अटच नाही. घरी दहा एकर बागायत असली तरी बाईला वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथं लिहून घेतात. कोर्ट फी, नकला, टायपिंग हा खर्चही तुमच्यावर नाही. नेमलेल्या वकिलानं पैसे मागितले किंवा तो तारखेला आलाच नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा आणि वकील बदलून मागा. फोनवर विचारायचं तर १५१००.

आता तक्रार. ‘साहेब भ्रष्ट आहेत, त्रास देतात’ असल्या वाक्यांवर कुणी कारवाई करत नाही. अर्ज कोणत्या तारखेला दिला, आवक क्रमांक (कार्यालयात अर्ज आल्याची नोंद) काय, गट नंबर कोणता, कागद कुणाकडे पडून आहे, एवढंच लिहा. दोन प्रती न्या. दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि सही घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

२००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्यानुसार एका टेबलावर फाईल कामाचे ७ दिवसच राहू शकते. म्हणून १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका: माझा अर्ज कुणाकडे किती दिवस होता, त्यावरच्या टिपणीची प्रत द्या. ‘का अडवला?’ असं विचारू नका. कारण सांगायला माहिती अधिकारी बांधील नाही, तो फक्त कागद देतो. विषय एकच ठेवा, मजकूर १५० शब्दांत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

पैसे मागितले असतील तर वाट वेगळी. देण्याआधी १०६४ ला फोन करा. लाचलुचपत विभाग आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतो, मगच सापळा लावतो, म्हणून तोवर त्या माणसाशी भांडू नका. नाइलाजानं दिलेच असतील तर ७ दिवसांत कळवा, नाहीतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही आरोपी होतो.