भिंतीवरचं कास

साताऱ्यात राहणाऱ्याला सप्टेंबरात पाहुण्यांची कमतरता नसते. प्रत्येकाला कासला जायचं असतं आणि घाटात गाड्यांच्या रांगेत आपणच बसायचं असतं. यावर पुण्याच्या भाचीनं तोड काढली, "मामा, कासच हॉलमध्ये आणू." ती वॉलपेपर डिझाइन करते.

पठारावर फूल तोडायला बंदी. म्हणून तिनं सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं कॅमेऱ्यात भरली आणि पुढं वाढवायला कॉम्प्युटरच्या ताब्यात दिली. लिंडेनमायर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये वाढीचे नियम गणितात मांडले होते: एका फांदीच्या दोन, त्या दोन्हींना पुन्हा तोच नियम. भाचीनं त्यात चिमूटभर स्वैरपणा घातला. "अख्ख्या भिंतीत एकही फूल दुसऱ्यासारखं नाही," ती म्हणाली. मला जरा लबाडी वाटली. पण विल्यम मॉरिस या इंग्रज डिझायनरनं १८६२ मध्ये गुलाबाच्या मांडवाचा वॉलपेपर काढला, तेव्हा त्यातले पक्षी फिलिप वेब या मित्राकडून काढून घेतले होते. मग हिनं कॉम्प्युटरकडून फांद्या काढून घेतल्या तर काय बिघडलं? त्या जमान्यातल्या हिरव्या रंगांत आर्सेनिक असायचं, हे मात्र मी घरात बोललो नाही. आईनं कागद दारातूनच परत पाठवला असता.

कागद आला, नंबर घातलेल्या पट्ट्यांमध्ये. लावणारा आला. त्यानं ओळंबा सोडला आणि बराच वेळ गप्प उभा राहिला.

"काका, भिंत खिडकीकडं कललीय. आता भिंत बघून कागद लावू, का कागद बघून भिंत?"

भिंत आजोबांच्या वेळची, गवंड्याच्या नजरेनं बांधलेली. वर चार महिने पश्चिमेचा पाऊस खाणारी. पोपडे खरवडता खरवडता पोतंभर निघाले. मग पुट्टी, प्रायमर, वाळायची वाट, पुन्हा ओल, पुन्हा वाट. तोवर सोफा स्वयंपाकघरात आणि आम्ही सोफ्यावर ताटं घेऊन.

शेवटी कागद चढला. छताशी देठाला देठ चपखल जुळला, खाली येईतो बोटभर फरक. तेही चाललं असतं. पण मधेच तेरड्याच्या देठाला सोनकी लागलेली दिसली. तीन आणि चार नंबरच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. नंबर पट्ट्यांच्या मागं लिहिलेले, आणि मागची बाजू आता भिंतीच्या पोटात.

"डिझाइनच असेल हो," सौ. म्हणाली. बाजारातल्या रोलवर तेच तेच गुलाब येतात; तिथं चूक शेंबडं पोरही पकडतं. इथं काहीच पुन्हा येत नाही, तर चुकलं म्हणायचं कशाच्या आधारावर? कऱ्हाडच्या आत्यांना तर त्या सांध्यात सोंडेसकट गणपती दिसला. त्यांनी चप्पल काढून हात जोडले. आईनं तर्क न लढवता हातोडी आणली, बरोब्बर तिथं खिळा ठोकला आणि कालनिर्णय टांगलं.

दिवाळीच्या आधी भाची फोटो काढायला आली. कालनिर्णय खाली उतरलं. मी चहाच्या निमित्तानं आत सटकलो. ती सांध्याजवळ नाक नेऊन उभी.

"मामा, इथली वाढ काय नैसर्गिक आलीय! स्क्रीनवर अशी दिसलीच नव्हती. आणि हा काळा ठिपका तर भारीच."

"तो खिळा आहे," आई म्हणाली. "झाले का गं फोटो? आज चतुर्थी आहे का बघायचंय मला."