पातेल्याला तीट

आमच्या घरात आठवड्यातून किमान तीनदा दूध उतू जाते आणि तिन्ही वेळा ते माझ्यावर सोपवलेले असते. परभणीच्या मे महिन्यात गवळ्याने सकाळी घातलेले म्हशीचे दूध लगेच तापवले नाही तर नासते, त्यामुळे हे काम पुढे ढकलता येत नाही. आणि ओट्यापाशी उभे राहून दुधावर नजर रोखून धरण्याइतका संयम माझ्याकडे नाही. म्हणून हे लक्ष ठेवण्याचे काम यंत्रावर सोपवावे असे मी ठरवले. दुधात बुडवायचा सेन्सर माझ्याकडे होता, परंतु त्याची काळी वायर पाहताच आईने, "ते दुधात घालायचं नाही, सांगून ठेवते," असे बजावले. उरला तो स्पर्श न करता तापमान सांगणारा इन्फ्रारेड सेन्सर.

मी मागवलेला एमएलएक्स ९०६१४ हा असा सेन्सर शर्टाच्या बटणाएवढ्या पत्र्याच्या डबीत बसवलेला असतो. डबीला वर एक छोटी खिडकी आणि खाली चार पाय. समोरची वस्तू जी उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने बाहेर टाकते, ती या खिडकीतून आत शिरते आणि आतला पातळ पडदा किंचित तापवते. पडदा आणि डबी यांच्या तापमानातील फरकामुळे सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. या परिणामाचा शोध सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८२१ साली लावला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही उगाच म्हणत नाही: शोध त्यांनी लावला, तो दुधाच्या पातेल्यापर्यंत आणण्याचे काम आमच्याकडे राहिले होते.

जोडणी अर्ध्या तासात झाली. अर्डुइनो नावाच्या छोट्या संगणक-बोर्डाला चार वायरी, एक बझर आणि तापमान ९३ अंशांवर गेले की बोंब मारण्याचा आदेश. पहिल्या दिवशी मी सेन्सर पातेल्याच्या बाजूला टेकवून ठेवला आणि पेपर वाचत बसलो. स्क्रीनवर ४९ अंश दिसत असताना दूध ओट्यावरून फरशीवर आले.

चूक सेन्सरची नव्हती. कारखान्यातून निघताना समोरची प्रत्येक वस्तू पूर्ण काळी आहे असे गृहीत धरायला त्याला शिकवलेले असते. काळी, खडबडीत वस्तू आपली उष्णता मोकळेपणाने बाहेर टाकते. माणसाची कातडीही, गोरी असो वा सावळी, या बाबतीत जवळपास काळीच. चकचकीत स्टील मात्र स्वतःचे फारसे काही बाहेर पडू देत नाही आणि समोरच्याचेच परत पाठवते. म्हणजे तो सेन्सर थोडे पातेले आणि बरेचसे आमचे स्वयंपाकघर मोजत होता, आणि त्या स्वयंपाकघरात पेपर वाचणारा मीही आलो.

"भांडी इतकी घासू नकोस," असे मी बायकोला सुचवून पाहिले. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की ती नजर एखाद्या सेन्सरने मोजली असती तर तो जळून गेला असता.

मग मी सेन्सर वरून, वीतभर उंचीवर टांगला. दूध काही चकाकत नाही, तेव्हा ही युक्ती बिनतोड वाटली होती. परंतु माझ्या सेन्सरची नजर नव्वद अंशांच्या कोनात पसरलेली असते, हे त्याच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, असूनही मी वाचले नव्हते. नव्वद अंश म्हणजे जितके अंतर त्याच्या दुप्पट रुंदीचे वर्तुळ. वीतभरावरून तो हातभर रुंदीत पाहत होता, त्यात दूध होते, शेगडी होती, ओटा होता, कोथिंबिरीची जुडी होती, आणि या सर्वांची सरासरी तो प्रामाणिकपणे ५८ अंश अशी सांगत होता. नजर अवघी पाच अंशांची असलेला त्याचा एक भाऊबंद मिळतो, पण त्याच्या किमतीत कितीतरी दिवसांचे दूध येते. खाली आणला तर वाफेने खिडकी धुरकटली आणि शिवाय डबीच तापली. या सेन्सरला आधी स्वतःचे अंग किती गरम आहे ते मोजावे लागते आणि मग त्यात समोरचा फरक मिळवावा लागतो, त्यामुळे डबी एका बाजूने भाजली की हिशेब बिघडतो. थंड पाण्यातून काढलेला हात कपाळावर ठेवला की धडधाकट माणसालाही ताप आल्यासारखे वाटते, तसाच हा प्रकार.

शेवटी उपाय सुचला तो आईमुळे. गावाकडच्या चुलीवरचे पातेले बाहेरून काजळीने काळे असायचे, असे ती कशावरून तरी बोलून गेली, आणि मी उठून देवघरातली पणती आणली. वातीवर पातेले धरून त्याच्या बाजूला काजळीचा गोल काढला. सेन्सर दोन बोटे अंतरावर ठेवायचा तर गोल चार बोटांचा तरी हवा, म्हणून तो वाढवत वाढवत पुरीएवढा केला.

"काय करायलात हे?" बायकोने दारातून विचारले.

"तीट लावतोय."

"दृष्ट लागण्यासारखं त्या पातेल्यात काय आहे?"

मी उत्तर दिले नाही, कारण स्क्रीनवर आकडे चढू लागले होते. ७१. ८०. ८८. स्टीलच्या चकाकीमागे इतके दिवस दडून बसलेले तापमान काजळीतून सरळ बाहेर येत होते. ९३ ला बझर असा कर्कश वाजला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. मी अभिमानाने सर्वांना हाक मारली, आई आली, बायको आली, पोरे आली. काजळी काळी का चालते आणि स्टील का चालत नाही हे मी मोबाइलवर चित्रीकरण करत सविस्तर सांगू लागलो.

"आरं, गॅस बंद कर की आधी!" आई ओरडली.

दूध चारी बाजूंनी उतरले, तीट धुऊन घेऊन गेले आणि सेन्सरवरून वाहत वायरी खोचायच्या पाटीत, म्हणजे ब्रेडबोर्डात, शिरले. अर्डुइनो वाचला. डबीच्या खिडकीवर मात्र सायीचा पातळ थर वाळून बसला आहे आणि तेव्हापासून समोर बर्फ धरा की तवा, आकडा फारसा हलत नाही. तो त्या थराचेच तापमान सांगत राहतो. काल मी हे बायकोला समजावून सांगितले.

"म्हणजे आता कुठं तो दुधाचं तापमान बरोबर सांगायलाय," ती म्हणाली, आणि पातेले घासायला घेतले.