टाकीतली झाडं कुजली, दोष मात्र गोव्याच्या पाण्याला

‘फिश टँकवाल्यांसाठी महत्त्वाची सूचना’ म्हणून एक मेसेज सध्या गोव्यात मोबाइलवरून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इथल्या विहिरीच्या पाण्यात आणि मातीत लोखंड फार, म्हणून टाकीतली खरी झाडं कुजतात. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय ती जगत नाहीत, आणि जगलीच तर रात्री ऑक्सिजन ओढून माशांना मारतात. दर रविवारी सगळं पाणी बदलावं, फिल्टर नळाखाली धुवावा. शेवटी सल्ला, कंटाळा आला तर मासे जवळच्या व्हाळात सोडावेत, पुण्य लागेल.

लोखंडाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो अगदी उलटा आहे. पाणवनस्पतींना लोह लागतं. ते कमी पडलं की नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तळाच्या वाळूखाली, जिथे ऑक्सिजन कमी असतो, तिथे लोह मुळांना घेता येतं. म्हणूनच १९८०च्या दशकात जर्मनीतले हौशी लोक टाकीच्या तळाला जांभ्याची माती मुद्दाम घालत. आपण ज्यावर घरं बांधतो तोच हा दगड! इथल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणीही बहुतेक ठिकाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, आणि किंचित आम्लाकडे झुकणारं असतं. क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीच्या काही जाती आणि लाल पानांची रोटाला मॅक्रांड्रा मुळात पश्चिम घाटाच्या परिसरातल्याच. त्यांना हे पाणी परकं नाही.

बादलीला तांबडा थर धरत असेल तर मात्र ते पाणी रात्रभर एअर पंप लावून ठेवावं, गाळ बसू द्यावा आणि वरचं तेवढं घ्यावं. समुद्राकाठच्या विहिरीचं पाणी खारं लागत असेल तर ते वापरूच नये.

मग झाडं कुजतात कशाने? दुकानात येणारी पुष्कळ झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. टाकीत बुडवल्यावर ती जुनी पानं टाकतात आणि पाण्याखाली तग धरतील अशी नवी काढतात. क्रिप्टोकोरिनची तर सगळी पानं आठवड्याभरात विरघळल्यासारखी होतात. लोक नेमके त्याच वेळी झाड उपटून फेकतात. कुजलेली पानं तेवढी काढा, मूळ हलवू नका, कोंब येतो. अनुबियास आणि जावा फर्न यांचं मात्र निराळं आहे. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की सडतं. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं.

हीच झाडं सिलिंडरवाल्या दाव्यालाही उत्तर देतात. जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया यांना साधा एलईडी दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. तो बारा तास चालू ठेवलात तर झाडं दुप्पट वाढणार नाहीत, शेवाळ वाढेल. सिलिंडर लागतो तो गालिच्यासारखी पसरणारी किंवा गडद लाल झाडं हवी असतील तेव्हा. तो रात्री बंद ठेवायचा.

रात्री झाडं ऑक्सिजन घेतात, हे खरं आहे. पण मासे आणि टाकीतले जिवाणू घेतात त्यापुढे तो वाटा थोडा असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील तर आधी मे महिन्याकडे बघा, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. त्यात मासे दाटीवाटीने भरलेले, पहिल्या पावसात वीज गेलेली आणि फिल्टर बंद. खापर झाडांवर!

रविवारच्या साफसफाईबद्दल मात्र मला राग येतो, कारण मासे खरे मरतात ते हिच्यामुळे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी, आणि पुढे नायट्रेट, जे बरंच सौम्य असतं आणि झाडं खाऊन टाकतात. नव्या टाकीत ही फौज उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओपा किंवा साळावलीचं नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं. स्पंज त्याखाली धुतला की फौज मेली. पाणी आठवड्याला पाव हिस्सा बदला, नळाचं असेल तर दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषध घाला, आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण टाक्या बिघडवते: समुद्रकिनाऱ्यावरची वाळू. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, करत राहतो. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर थोडं ओतून बघा. बुडबुडे आले तर ती वाळू नको. मासेही पाणी बघून निवडा. मऊ पाण्यात मॉली आणि गप्पी खंगतात. चेरी बार्ब, रासबोरा, कार्डिनल टेट्रा खुलतात. निऑन टेट्राला आपला उन्हाळा सोसत नाही, कार्डिनलला बऱ्यापैकी सोसतो.

आता ते पुण्य. आपल्या व्हाळांत स्वतःचे मासे आहेत. गोवा आणि कर्नाटकात सापडणारा पेथिया सेटनाई हा छोटा पट्टेरी बार्ब छापगर आणि साने यांनी १९९२ साली शास्त्राला प्रथम नोंदवून दिला. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो असुरक्षित गणला जातो. त्याच्या पाण्यात गप्पी किंवा सकर कॅटफिश सोडणं म्हणजे त्याच्या अन्नावर आणि जागेवर बाहेरचा हक्कदार बसवणं, शिवाय रोगही. नको झालेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. छाटलेली झाडंही गटारात टाकू नका, उन्हात कडकडीत वाळवून मग कचऱ्यात.