तो मेसेज छापून एचआरला देऊ नका

गेल्या आठवड्यात नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पॅकिंगला असलेल्या ताईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "दादा, हे खरंय का बघा ना. कंपनी टायफॉइडची लस घ्या म्हणतेय. ग्रुपवर सगळ्या म्हणतात, हे छापून एचआरला द्यायचं, मग ते काही करू शकत नाहीत."

मेसेज पाहताक्षणी ओळखला. २०२१ च्या दिवाळीनंतर तो ठाणे-बेलापूर पट्ट्यात फिरायला लागला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा त्याला नवं शेपूट जोडलं गेलं. कोविड मागे पडला, मेसेज मात्र अजून जिवंत आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: सर्वोच्च न्यायालयाने लसीची सक्ती कायमची बेकायदा ठरवली आहे. भारतातल्या एकाही कायद्यात लस सक्तीची नाही. प्रमाणपत्र मागणारा मॅनेजर फौजदारी गुन्हेगार ठरतो. न्यूरेंबर्ग संहितेनुसार किंवा धर्माच्या कारणावरून नकार देता येतो. आणि खाली दिलेली नोटीस सही करून दिली की नोकरीला कोणी हात लावू शकत नाही.

कोपरखैरण्यात आम्ही काही जण दर रविवारी कामगारांना अर्ज लिहून देतो. लसीवरून गेटबंद झालेले कितीतरी जण त्या काळात आमच्या बाकावर बसून गेले. पगार अडवून, गेटवर थांबवून लस घ्यायला लावणं मला तेव्हाही चूक वाटत होतं, आजही वाटतं. म्हणूनच या मेसेजबद्दल सविस्तर लिहितो आहे.

पहिला मुद्दा सर्वोच्च न्यायालयाचा. यात खरं पुष्कळ आहे, आणि तेच मेसेजने वाया घालवलं आहे. जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २ मे २०२२ रोजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती बी. आर. गवई यांनी निकाल दिला. स्वतःच्या शरीराबाबत निर्णय घेण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो आणि कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मेसेज इथेच थांबतो. निकाल पुढे सांगतो की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार लस न घेतलेल्यांवर काही बंधनं घालू शकतं, मात्र त्या बंधनाला कायद्याचा आधार हवा, त्यामागे खरी गरज हवी आणि ते गरजेपेक्षा जाचक नसावं. लस न घेतलेल्या माणसाकडून संसर्ग जास्त पसरतो हे दाखवणारी आकडेवारी राज्यांनी न्यायालयापुढे ठेवली नाही. म्हणून त्या वेळची बंधनं प्रमाणाबाहेरची ठरली, तीही संसर्ग कमी असेपर्यंत. खासगी आस्थापनांना न्यायालयाने आपापल्या आदेशांचा फेरविचार करण्याची सूचना केली. ती सूचना होती, मनाई नव्हती. "कायमची बेकायदा" हे शब्द निकालात कुठेही नाहीत.

माझ्या दृष्टीने हा निकाल कामगाराच्या फार कामाचा आहे, कारण तो मालकाला आणि सरकारला एक प्रश्न विचारायला शिकवतो: हे बंधन कोणत्या कायद्याखाली, कशासाठी, आणि याहून सौम्य मार्ग नव्हता का? २०२१ मध्ये हा प्रश्न आपल्या पट्ट्यात कोणी विचारलाच नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांनाच लोकल खुली झाली, तीही दुसऱ्या डोसला १४ दिवस झाल्यावर. कोविशिल्डच्या दोन डोसांत तेव्हा किमान ८४ दिवसांचं अंतर होतं. म्हणजे पहिला डोस घेतलेल्या माणसालाही पास मिळायला ९८ दिवस. आणि पहिला डोस तरी कुठे वेळेवर मिळत होता? साठा संपला की केंद्राला कुलूप लागायचं. रबाळे, ऐरोली, तुर्भे स्टेशनांवर पालिकेच्या टेबलापुढे प्रमाणपत्रावर शिक्का मारून घेणाऱ्यांच्या रांगा होत्या, आणि त्या रांगेत उभंही राहता न येणारे मुंब्रा-कळव्याहून रिक्षा बदलत कामाला येत होते. कागदोपत्री हे सगळे "लस न घेतलेले". त्यातल्या बहुतेकांनी लसीला नकार दिलेला नव्हता, त्यांचा नंबर लागला नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे महापालिकेने पहिलाही डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांना पगार मिळणार नाही असं जाहीर केलं, आणि तीच भाषा लगोलग कारखान्यांच्या नोटीस बोर्डावर आली. त्याच महिन्यात राज्य सरकारने नियम मोडणाऱ्या आस्थापनांना हजारो रुपयांचा दंड लावला होता. कंपन्यांनी तो दंड वाचवण्यासाठी कामगाराला बाहेर ठेवलं. प्रवासाबाबतचे मूळ आदेश ठरलेली कार्यपद्धती सोडून काढले गेले, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात उघड झालं आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. दुसरा आदेश आला, आणि १ एप्रिल २०२२ पासून सगळेच निर्बंध उठले. अन्याय झाला, तो खराच आहे. पण त्यावरून आजच्या प्रत्येक लसीला तोच निकाल लावता येत नाही.

इथे मेसेजचा दुसरा दावा येतो: भारतात कोणत्याही कायद्यात लस सक्तीची नाही. पावण्याच्या ताईंचा प्रश्न नेमका याच दाव्याने बिघडवला. अन्नसुरक्षा परवान्यांच्या २०११ च्या नियमांत चौथं परिशिष्ट आहे. अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी, टायफॉइडसारख्या आतड्याच्या आजारांची लस कारखान्यातल्या कामगारांना द्यावी आणि त्याची नोंद तपासणीसाठी ठेवावी, असं त्यात आहे. तिथे "सक्तीने" हाच शब्द आहे. रुग्णालयांतही तसंच. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो कचरा हाताळणाऱ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं संस्थाचालकाचं कर्तव्य आहे. हा नियम कामगाराच्या बाजूने वाचायला हवा. सफाईवाल्या मावशी सुया-ब्लेडच्या पिशव्या उचलतात आणि ठेकेदार त्यांना ना हातमोजे देतो ना लस. तिथे आपली मागणी "लस द्या" अशी असते. "लसीचं प्रमाणपत्र मागणं गुन्हा" म्हणणारा मेसेज त्या मावशींच्या हातातला हक्कच काढून घेतो.

गुन्ह्याचा दावा लवकर निकालात निघतो. लस ऐच्छिक आहे असं केंद्र सरकारने माहिती अधिकाराच्या उत्तरांत आणि न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रांत सांगितलं आहे, ते बरोबर. पण ऐच्छिक म्हणजे सरकार दंडाला धरून टोचणार नाही. प्रमाणपत्र मागणारा गुन्हेगार होतो असं त्यातून निघत नाही. मेसेजमध्ये भारतीय दंड संहितेची कलमं मोजून दिली आहेत, आणि ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, याचाही मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना पत्ता नाही. लस न घेतलेल्यांची नावं नोटीस बोर्डावर चिकटवणं, प्रमाणपत्राचे फोटो सगळ्या शिफ्टच्या ग्रुपवर टाकायला लावणं, हे मात्र चूक आहे. याची लेखी तक्रार जरूर करा.

न्यूरेंबर्ग संहिता १९४७ ची. नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर प्रयोग केले, त्या खटल्यातून ती आली आणि माणसांवरच्या प्रयोगांबद्दल बोलते. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन चाचणीच्या स्वरूपात दिली जात होती आणि संमतीपत्रावर सही घेतली जात होती, त्यामुळे त्या काही आठवड्यांत हा मुद्दा अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण जानेवारी २०२२ अखेर कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लसींना नियमित परवानगी मिळाली. आणि टायफॉइडची लस तर कितीतरी वर्षं वापरात आहे.

धर्माचा मुद्दा सरळ अमेरिकेतून उचललेला आहे. तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात नोकरदाराच्या धार्मिक अडचणीची सोय मालकाने करावी अशी तरतूद आहे. आपल्या घटनेचं कलम २५ सुरूच होतं ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. तो छापील फॉर्म ठाण्याच्या कामगार न्यायालयात टिकणार नाही.

आता शेवटचा दावा, ज्याने खरं नुकसान केलं: नोटीस द्या आणि निश्चिंत राहा.

घणसोलीचा एक फिटर होता. महाप्याच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत नऊ वर्षं. पहिला डोस घेतला आणि अर्ध्या तासात त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. केंद्रावरच इंजेक्शन देऊन त्याला सावरलं. डॉक्टरांनी निळ्या शाईत लिहून दिलं, दुसरा डोस देऊ नये. पहिल्या डोसला अशी तीव्र अॅलर्जी आली तर पुढचा देऊ नये, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांत जानेवारी २०२१ पासूनच होतं. म्हणजे त्याच्याकडे पक्का कागद होता. तो रेशन कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घरी राहिला. कंपनीत त्याने काय दिलं, तर झेरॉक्सवाल्याकडे वीस रुपये देऊन छापलेला हा मेसेज, चार पानं, खाली सही. सुपरवायझरने वर शेरा मारला, "लसीस नकार, व्यवस्थापनास धमकी". सोमवारी गेटवर कार्ड चाललं नाही. मेसेजमध्ये लिहिलं होतं की कंपनी स्वतःहून बोलावेल, म्हणून तो घरी बसून राहिला. ठेकेदाराने दोनदा मेमो पाठवला, त्याने उत्तर दिलं नाही, आणि तिसऱ्या पत्रात तो "विनापरवाना गैरहजर" झाला. एप्रिल २०२२ मध्ये तो आमच्याकडे आला तेव्हा अनुचित कामगार प्रथांविरुद्ध तक्रारीची ९० दिवसांची मुदत उलटली होती. उशीर माफ करून मागता येतो. पण बायकोचे दागिने सोनाराकडे होते, त्याला आणखी थांबणं शक्य नव्हतं. फुल अँड फायनल, म्हणजे नोकरीचा शेवटचा हिशेब, घेऊन तो सुटला. पिशवीतला कागद त्याने आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा दाखवला.

असंच एक मोठं उदाहरण आहे. हवाई दलातल्या नऊ जणांनी लसीला नकार दिला आणि सगळ्यांना कारणे दाखवा नोटीस गेली, असं केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाला सांगितलं. नोकरी गेली ती एकाची. त्याने नोटिशीला उत्तरच दिलं नव्हतं.

त्यामुळे मेमो आला की मुदतीत उत्तर द्या, स्वतःच्या शब्दांत. हा आदेश कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखेचा, त्याची प्रत मला द्या, असं लेखी मागा. आजारपण, अॅलर्जी, गरोदरपण असेल तर डॉक्टरांचं पत्र पहिल्याच अर्जाला जोडा. गेटवर थांबवलं तरी रोज शिफ्टच्या वेळेला जा, आणि परत पाठवलं की त्याच दिवशी "मी कामावर हजर होतो" असं स्पीड पोस्टने किंवा मेलवर कळवा. गैरहजेरीचा ठपका तेवढ्याने ढिला पडतो. केलेल्या कामाचा पगार लसीच्या कारणावरून अडवता येत नाही. तेव्हाच्या वेतनाबाबतच्या १९३६ च्या कायद्यात कपातीची कारणं मोजून दिली होती आणि लस त्यात नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या, कलमांचे आकडे बदलले, पण कपातीची कारणं मोजून देण्याची रीत वेतन संहितेतही आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, म्हणून अर्जाची एक प्रत कंपनीलाही द्या. आणि थांबू नका. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात महिन्याच्या आत गेलेला आणि सहा महिन्यांनी गेलेला, यांच्या तक्रारीत किती फरक पडतो ते आम्ही पाहत आलो आहोत.

पावण्याच्या ताईंना मी सांगितलं, टायफॉइडची लस नाकारण्यासारखं काही नाही, नियम आहे आणि तुमच्या भल्याचाही आहे. पण खर्च कंपनीने करावा, टोचायला नोंदणीकृत डॉक्टर असावा, लस कामाच्या वेळेत द्यावी आणि ताप आला तर त्या दिवसाची हजेरी कापू नये, एवढं सगळ्यांच्या सह्यांनी मागा. त्यांच्यात एक जण पाच महिन्यांची गरोदर आहे. तिच्यासाठी रविवारी वेगळा अर्ज लिहिला: माझ्या डॉक्टरांचा लेखी सल्ला येईपर्यंत लस थांबवावी, तोवर मला लेबल लावण्याच्या कामावर ठेवावं, हजेरी तुटू नये. सोमवारी ती दोन प्रती घेऊन गेली आणि एकीवर कंपनीच्या आवकेचा शिक्का मारून घेऊन आली.