नोकरीच्या चिंतेने ग्रासलेल्या भावी परिचारिकांस

बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुली अधूनमधून माझ्याकडे येतात आणि चहा निवण्याच्या आत एकच प्रश्न विचारतात, 'मॅडम, पास झाल्यावर आमचे कसे व्हायचे?' चौतीस वर्षे शासकीय रुग्णालयात काढून परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख परिचारिका, या पदावरून निवृत्त झालेल्या बाईला याचे उत्तर ठाऊक असणार, असा त्यांचा भाबडा समज आहे. प्रत्येकीला निरनिराळे सांगत बसण्यापेक्षा सर्वांसाठी एकदाच लिहून ठेवते. (मुलांनीही वाचावे. एम्समधील परिचर्या अधिकाऱ्यांच्या ऐंशी टक्के जागा स्त्रियांसाठी राखीव ठेवल्याचे कळल्यापासून त्यांची झोप तशीही उडालेलीच असते.)

सर्वप्रथम, काळजी करू नका. तुमचे शिक्षण काळजी घेण्याचे झाले आहे, करण्याचे नव्हे. तरीही मन अस्वस्थ झालेच, तर 12 मे रोजी, म्हणजे जागतिक परिचारिका दिनी, एखाद्या मान्यवरांचे भाषण जाऊन ऐकावे. देशात परिचारिकांचा मोठा तुटवडा आहे, हे वाक्य त्यात हमखास येते. तुटवडा आहे म्हणजे नोकरी असलीच पाहिजे, आणि ती तुम्हाला मिळत नसेल तर तुमच्या शोधण्यात काहीतरी खोट आहे, हे उघड आहे. तुटवडा परिचारिकांचा नसून त्यांना पगार देण्याच्या इच्छेचा आहे, अशी शंका मनात आल्यास ती भाषण संपेपर्यंत दाबून ठेवावी. नंतर अल्पोपाहार असतो.

आता परिषदेच्या निकषांविषयी. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण तुम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले असतील. गुण मिळाले, विषय संपला. पुढे रात्रपाळीत चाळीस रुग्णांचा वॉर्ड तुमच्या एकटीच्या हाती येईल, तेव्हा प्रमाण बिघडले असे न मानता आपले कर्तृत्व आठपट झाले असे मानावे आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, हसतमुख राहावे.

खासगी रुग्णालयात मुलाखतीला जाताना महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवा. तेथे तुम्हाला दोन वर्षांच्या अनुभवाविषयी विचारले जाईल. अनुभव नोकरीतून मिळतो आणि नोकरी अनुभवावर मिळते, यात अडचण कसली, हे तेथील व्यवस्थापकांना प्रामाणिकपणे कळत नाही. तुम्हीही कळून घेऊ नका. मग उदार मनाने तुम्हाला 'ट्रेनी' म्हणून घेतील आणि मूळ प्रमाणपत्रे 'सुरक्षिततेसाठी' कपाटात ठेवून घेतील. कागद किती सुरक्षित असतात, हे सोडून जायच्या दिवशी समजते. त्याच मजल्यावर तुम्हाला बारावी झालेली एक मुलगी भेटेल. ती गेल्या दिवाळीपर्यंत केसपेपर काढत होती आणि आता सलाईन लावते. रुग्ण तिलाही सिस्टरच म्हणतात. नोंदणी नसल्यामुळे ती स्वस्त पडते आणि नोंदणी असल्यामुळे तुम्ही महाग, म्हणून पगार तिच्या आसपास ठरवून तुमच्यातील अंतर मिटवले जाते. सामाजिक समतेचा इतका रोखठोक प्रयोग अन्यत्र पाहायला मिळत नाही.

पगाराचा विषय निघालाच आहे, तर तुम्हाला धीर देणारी एक गोष्ट सांगते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिने सांगितले की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने शासकीय परिचारिकेइतका पगार द्यावा, शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्याहून फार तर दहा टक्के कमी द्यावा, पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयानेही महिना 20,000 रुपयांच्या खाली जाऊ नये. शिफारस इतकी नेटकी आहे की ती चौकट करून भिंतीवर लावावी. बहुतेक ठिकाणी तिचा तेवढाच उपयोग झाला आहे. खाटांचे गणितही शिकून घ्या. जाहिरातीच्या फलकावर ज्या रुग्णालयात दीडशे खाटा असतात, तेथे पगाराची गोष्ट निघताच त्या एकोणपन्नास होतात, आणि तुम्ही मात्र रोज सकाळी दीडशे चादरी मोजता.

खासगीत मन रमले नाही तर शासन आहेच. जाहिरात येईपर्यंत वाट पाहा, फी भरा, अभ्यास करा. 2021 मध्ये आरोग्य विभागाच्या परीक्षेचे पेपर फुटले, तेव्हा अभ्यास करणाऱ्यांना तोच अभ्यास पुन्हा करण्याची संधी मिळाली होती, हेही ध्यानात असू द्या. तोवर अकरा महिन्यांची कंत्राटी नेमणूक घ्यावी. अकरा महिने, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. त्या एका दिवसात परिचारिकेच्या अंगची सगळी ज्येष्ठता निघून जाते, असा वैद्यकशास्त्राला अद्याप न उलगडलेला चमत्कार आहे. 2022 मध्ये राज्यातील परिचारिकांनी बाह्यस्रोतातून, म्हणजे खासगी कंपनीमार्फत, होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला. तुम्ही असले काही मनात आणू नका. संपामुळे रुग्णांचे हाल होतात, रिक्त पदांमुळे होत नाहीत.

कौतुकाची आस असेल तर साथीची वाट पाहावी. 2020 हे जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी आमच्यासाठी 22 मार्चला थाळ्या वाजल्या आणि 3 मे रोजी हेलिकॉप्टरमधून फुले पडली. साथीपुरत्या घेतलेल्या मुलींना पुढे साथ ओसरताच कार्यमुक्त करण्यात आले. फुले झाडायला तेवढे आम्ही कायमचे होतो.

आणि अगदीच जीव घाबरा झाला तर जर्मनी. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, म्हणजे येथे ज्यांना पद देता येत नाही त्यांना तेथे पाठवण्याची सोय झाली आहे. भाषेला भिऊ नका. जर्मन भाषेत तीन लिंगे आहेत, तशी आपल्याकडेही आहेत. ताप आपल्याकडे पुल्लिंगी आहे आणि तिकडे नपुंसकलिंगी, खाट आपल्याकडे स्त्रीलिंगी आणि तिकडे नपुंसकलिंगी. सुई मात्र दोन्हीकडे स्त्रीलिंगीच आहे. चार वर्षे इंग्रजीतून परिचर्या शिकल्यानंतर आणि मराठीतून रुग्णांची बोलणी खाल्ल्यानंतर आणखी एका भाषेचे ओझे ते किती? आईवडिलांची काळजी घ्यायला येथे कोण, असे घरचे विचारतील. त्यांना सांगा, देशात तुटवडा आहे.

हे सगळे ऐकून मुली उठतात, आणि चपला घालता घालता त्यांच्यातली एखादी विचारते, 'मॅडम, तुमच्या जागेवर कोण आले?' माझी जागा भरली असती तर तिच्या हाताखालच्या एका अधिपरिचारिकेला, म्हणजे वॉर्डातल्या परिचारिकेला, बढती मिळाली असती, तिची जागा रिकामी झाली असती, आणि त्या साखळीच्या शेवटी कदाचित हीच मुलगी असती. पण माझा वॉर्ड तीन वर्षांपासून शेजारच्या वॉर्डच्या परिसेविकेकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आहे, आणि ती येत्या जूनमध्ये निवृत्त होते. मी त्या मुलीला म्हणते, थांब, चहा गार झाला असेल, आणखी घोटभर करते.