जीपमागची ट्रॉली आणि गावभरचे सल्लागार

दिवाळीच्या सुमारास हिंगणघाटच्या आसपासच्या खेड्यांत ट्रॅक्टर मिळणे कठीण होते, कारण सोयाबीन निघालेले असते आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली असते. अशा वेळी ज्या जावयाच्या जीपला मागे हुक आहे, त्याचा सासरी एकाएकी मान वाढतो. आणि हा मान म्हणजे दोन चाकांची ट्रॉली जोडून सोयाबीनचे कट्टे बाजार समितीत पोहोचवण्याचे आमंत्रण आहे, हे त्याला पुरणपोळीचा दुसरा घास तोंडात असताना कळते.

मी गाडीची पुस्तिका वाचणारा मनुष्य आहे, आणि सासरी हा स्वभावाचा दोष नसून प्रकृतीचा विकार समजला जातो. जीप किती वजन ओढू शकते ते पुस्तिकेत पाहून मगच कट्टे मोजावेत, ट्रॉलीचीही मोटार वाहन अधिनियम, 1988 प्रमाणे नोंदणी लागते, असे मी सांगू लागलो तेव्हा मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, शांतपणे विचारले, "जवाईबापू, तुमी सोयाबीन नेऊन राह्यले का वकिली करून राह्यले?" सुदैवाने ट्रॉलीची कागदपत्रे देवघरात, पंचांगाखाली सापडली.

खरा वाद कट्टे रचताना झाला. ट्रॉलीचे स्वतःचे वजन सुमारे 250 किलो आणि वर 50 किलोचे 10 कट्टे, म्हणजे एकूण 750 किलो झाले. यातला 10 ते 15 टक्के भार, म्हणजे 75 ते 112 किलो, जीपच्या हुकावर यायला हवा. मागे भार जास्त झाला तर ट्रॉली वेगात डावी-उजवी झुलू लागते. हुकावरच फार आला तर जीप मागे बसते, पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग हातात राहत नाही आणि रात्री दिव्यांचा उजेड रस्त्याऐवजी कडुनिंबावरच्या कावळ्यांवर पडतो. एवढे सविस्तर निवेदन ऐकून मामाजी म्हणाले, "म्हंजे बंडी उलाळही नको अन् धुरजडही नको. हे सांगाले इतका वेळ?" उलाळ म्हणजे मागे जड आणि धुरजड म्हणजे पुढे जड. बैलबंडीत मागे ओझे झाले की जू वर उचलते आणि जोत्यांनी बैलांचे गळे आवळतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले होते. त्यांनी चार कट्टे पुढे सरकवायला लावले, ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी जरा तोलून पाहिली आणि "नव्वद असन" म्हणाले. मी हट्टाने कापसाचा वजनकाटा आणून दांडी त्यावर टेकवली. काट्याने 91 दाखवले. मामाजींनी काट्याकडे संशयाने पाहिले.

हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या नेऊन अडकवाव्या लागतात, म्हणजे हुक निसटलाच तर दांडी त्या फुलीवर झेलली जाते, रस्त्यात रुतत नाही. शेजारच्या काकांनी साखळीऐवजी सुतळी देऊ केली, आणि ती नाकारल्याचा राग त्यांनी अजून धरला आहे.

रस्त्यावर मी वेग कमी ठेवला, पुढच्या वाहनापासून अंतर वाढवले आणि वळणे रुंद घेतली, कारण ट्रॉलीची चाके जीपच्या चाकांच्या आतून कापत जातात आणि चौकातल्या पाराची कड तेवढीच वाट पाहत असते. एका मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने ट्रॉली थोडी झुलली. अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो आणि स्टेअरिंगही उलटसुलट फिरवायचे नसते. ते सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा असतो. मी तसेच केले. मात्र मागच्या सीटवरचे सगळे सासर एका आवाजात "ब्रेक! ब्रेक!" म्हणत होते, आणि हा आवाज सहन करण्याची कोणतीही पद्धत पुस्तिकेत दिलेली नाही.

माल विकून परतल्यावर मामाजींच्या अरुंद फाटकातून रिकामी ट्रॉली उलटी आत घ्यायची वेळ आली, आणि तोपर्यंत अर्धे गाव जमले होते. उलटे जाताना हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरावा. हात डावीकडे नेला की ट्रॉली डावीकडे जाते. ती फार दुमडू लागली की थोडे पुढे यावे, सरळ करावे आणि पुन्हा मागे जावे. शिवाय ट्रॉली जितकी आखूड, तितकी ती चटकन फिरते, आणि आमची आखूडच होती. मी दरवेळी पुढे आलो की जमावाला वाटे, जवाई हरले. एक जण "डावी मारा" म्हणे, दुसरा "उजवी", परंतु ती डावी स्टेअरिंगची, ट्रॉलीची, की सांगणाऱ्याची स्वतःची, हे कोणीच स्पष्ट करीत नसे. "मांगं येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा गृहस्थ तर फाटकाच्या खांबाला टेकून, माझ्या आरशात न दिसणाऱ्या जागी उभा होता.

शेवटी चार पोरांनी मला न विचारता साखळ्या सोडल्या, दांडी उचलली आणि ट्रॉली हातांनी ढकलत अंगणात नेऊन लावली. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत शेजारचे काका जवळ आले आणि म्हणाले, "परवा आमच्या पोरीच्या साक्षगंधाचे मंडपाचे बांबू आनाचे हायेत. तुमी तसदी घेऊ नका, जवाईबापू. फक्त चाबी देऊन ठेवा."