शून्याच्या बिलामागं कोण उभं आहे?

परवा वडिलांनी शेतीपंपाचं बिल पुढं धरलं. साडेसात एचपीची मोटर, भरायची रक्कम शून्य. "सरकार भरतंय," म्हणाले. मी विचारलं, "अण्णा, आपण युनिट किती जाळलं?" ते त्यांना सांगता येईना, कारण मीटरच नाही. आकारणी एचपीवर.

माझं सगळं म्हणणं या न मोजलेल्या युनिटांपाशी आहे.

विद्युत कायदा आला 2003 साली. कलम 55 म्हणतं, दोन वर्षांनंतर मीटरशिवाय वीज द्यायची नाही. मुदतवाढ राज्य वीज नियामक आयोगानं, म्हणजे विजेचे दर ठरवणाऱ्या संस्थेनं द्यायची. वीस वर्षं उलटली तरी आपल्याकडं बिनमीटरचे पंप आहेतच. मोजलं नाही की अंदाज करावा लागतो, आणि त्या अंदाजात गळती, आकडे टाकून केलेली चोरी, सगळं शेतकऱ्याच्या नावावर सहज मुरतं. याच आयोगानं नेमलेल्या अभ्यासगटानंसुद्धा शेतीचा वापर सरकारी वीज वितरण कंपनी दाखवते त्यापेक्षा कमी धरला. म्हणजे आम्ही न वापरलेल्या विजेचा बोलही आमच्यावरच.

दुसरं, कलम 65. सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे कंपनीला आगाऊ द्यायचे. मोफत वीज जाहीर करायला माझा विरोध नाही, दुष्काळी भागातला माणूस आहे मी. पण पैसे उशिरा आले तर कंपनी कर्ज काढते आणि व्याज शेवटी दरात येतं. मालक सरकार, देणेकरी सरकार आणि आयोगावर माणसं नेमणारंही सरकार. मग जाब विचारायचा कुणी?

कंपन्या वाचवायच्या योजना काय कमी झाल्या? 2012 ला कर्जाची पुनर्रचना, 2015 ला उदय योजना, 2021 ला आरडीएसएस ही वीज वितरण सुधारायची योजना. दर वेळी कर्ज हललं, सवय तीच राहिली. ऑगस्ट 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं वीज आयोगांना सुनावलं, दरवाढ पुढं ढकलून साठवलेली देणी ठरल्या मुदतीत संपवा म्हणून. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार 1993 ला झाला तेव्हा राज्यात असा आयोगच नव्हता. आता आहे, दरवाढीवर जनसुनावणी होते, कुणालाही हरकत नोंदवता येते. आपल्या भागातून किती जण नोंदवतात?

म्हैसाळ, टेंभू, ताकारी या आपल्या उपसा सिंचन योजनांचं पाणी विजेवर वर चढतं. त्या बिलातला 81 टक्के भार सरकारचा, 19 टक्के आपला. मागं थकबाकीपायी पंप थांबले तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या जत, कवठेमहांकाळनं काय सोसलं ते ज्यांच्या बागा होत्या त्यांना विचारा. वीज कंपनी बुडाली की पहिली तहान आपल्याला लागते.

हे सगळं अण्णांना सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, "मीटर बसवला की उद्या बिल मागायला येतील." ही भीती खोटी नाही. म्हणून माझी मागणी एवढीच, की आधी प्रत्येक डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर मीटर बसवा, त्याचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि त्याच कागदावर लिहा, सवलतीचे पैसे सरकारनं कोणत्या तारखेला भरले.